जनादादूसचा गुडघा

विठ्ठलवाडी स्टेशनवरून आमच्या गावात यायचं तर मैदानाच्या कडेने येणं सगळ्यात सोपं. मी नाल्याच्या बाजूने वळसा घालून येते. नवरा म्हणतो, उगाच पायपीट करतेस. करते. मैदानाच्या त्या टोकाचा गोलपोस्ट दिसला की मला जनादादूस दिसतो. एक गुडघा मातीत, हात मांडीवर, मान ताठ, आणि मागे आडव्या दांडीला लटकणारी काळी बाहुली. भर दिवसा दिसतो. भूत म्हणावं तर माणूस जिवंत आहे. पनवेलच्या बाजूला बायकोच्या माहेरी असतो, उजवा पाय पुढे सरळ सोडून बसतो. तो पाय आता वाकत नाही.

गाव म्हणायचं ते आपलं सवयीने. चारी बाजूंनी टॉवर आलेत, मध्ये आमच्या गल्ल्या, गावदेवीचं देऊळ आणि मैदान एवढंच उरलंय. आजोबांच्या वेळेला खाडीच्या अंगाला मिठागरं होती, अलीकडे भातशेती. आता जमिनी बिल्डरकडे गेल्या, पैसा गाड्यांत गेला आणि गावाची सगळी इज्जत फुटबॉलमध्ये येऊन बसली. दुसऱ्या गावांत क्रिकेटचं वेड असतं, आमच्याकडे हे. दरवर्षी स्पर्धा भरते, मंडप पडतो, लाऊडस्पीकर लागतो, आणि सामना हरला तर घरात जेवण होत नाही. हसू नका, खरंच होत नाही.

जनार्दन हे त्याचं खरं नाव मला त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर पहिल्यांदा वाचायला मिळालं. आमची भिंतीला भिंत लागून घरं, मी त्याला दादूस, म्हणजे दादा, म्हणायचे, पण तोवर गावाला तो काल्याच. काळ्या नव्हे, काल्या. आमच्या बोलीत 'ळ' कुठे आहे? त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हा झाला तेव्हा आईने मुद्दाम काल्या हाक मारायला सुरुवात केली, नजर लागू नये म्हणून. रंगानेही तो काळाभोरच होता. आईची हाक गल्लीने उचलली, गल्लीची गावाने. तो ओ द्यायचा. कुणी कशाही आवाजात हाक मारो, हसत ओ द्यायचा आणि वर म्हणायचा, "चालतंय."

हे 'चालतंय' म्हणजे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. भाजीत मीठ नाही? चालतंय. भाडेकरूने घराला कुलूप लावून पोबारा केला? चालतंय. मी त्याच्यावर चिडायचे. म्हणायचे, दादूस, तुझ्या डोक्यावर कुणी मिरी वाटली तरी तू चालतंय म्हणशील. त्यावरही तो म्हणायचा, "चालतंय गो, मिरी तर मिरी."

मैदानावर मात्र काही चालत नसे. तो स्टॉपर होता, गोलपुढचा शेवटचा अडसर, आणि संघाचा कप्तान. त्याच्या अंगावरून चेंडू न्यायचा तर देवीला नवस बोलूनच यावं लागे. पायाची बोटं आत वळवून चालायचा, बदकासारखा, पण धावायला लागला की बघत राहावं. सामना संपला की चेंडू घरी आणायचा आणि ओट्यावर बसून साबण लावून धुवायचा. लहान पोराला आंघोळ घालावी तसा. मग तो चेंडू सुकायला ठेवायचा तो नेमका आईच्या सुक्या मासळीशेजारी. म्हातारी ओरडायची, "माझ्या बोंबलांना तुझ्या चेंडूचा वास लागतो." बाकीच्या जगाला उलटं वाटलं असतं.

मी कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स. एकदा सामन्यात त्याची भुवई फुटली, मी ड्रेसिंग केलं, तेव्हापासून त्याने धरलं की सुलूने बाकावर बसायचं, बर्फाची पेटी घेऊन. बाई बाकावर बसणार म्हटल्यावर पुरुषांची नाकं वाकडी झाली. जना एवढंच बोलला, "लागलं की सगळे आई गो म्हनता, तवा बाई चालते?" त्या दिवसापासून बाकाच्या टोकाची जागा माझी. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

पण त्याच्या हळदीचं आधी सांगायला हवं.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात गर्दी मावत नव्हती. माईक बबनच्या हातात. हा बबन म्हणजे आमच्या स्पर्धांचा कॉमेंट्रीवाला, जिभेला हाड नाही, त्याच्यासाठी लोक चार गावं ओलांडून यायचे. बायका जनाला हळद लावत होत्या आणि बबन माईकवर म्हणाला, "हलद लागली का नाय कुनाला दिसतंय काय रे? बॅटरी आना कोनतरी." मांडव हसून लोळला. नवरीकडच्या मावश्या पदर तोंडाला लावून हसल्या. जनापण हसला. म्हणाला, "चालतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेले तर तो तिथे एकटा बसलेला. टाच घासायची वजरी घेऊन दंड घासत होता, मान घासत होता. कातडी सोलवटून लाल झालेली. मी म्हटलं, अरे काय करतोस? तो दचकला. म्हणाला, "हलद निघत नाय गो." अंगावर हळदीचा कण नव्हता. मी वजरी काढून घेतली आणि घरात निघून गेले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढे कैक वर्षं गेली. स्पर्धेत आम्हाला गोल करणारा माणूस मिळेना. नानाशेठ म्हणजे गावचे मोठे. स्पर्धेचा चषक त्यांचा, मंडप त्यांचा, पहिल्या रांगेतली सोफ्याची खुर्ची त्यांची. ते म्हणाले, "आना की एखादा नायजेरियन. सगळी गावं आनतात." जनाने शोधून काढला तो इमॅन्युएल. कल्याणजवळच्या कॉलेजात शिकणारा, उंच, लाजरा मुलगा. डोंबिवलीत त्याला सोसायट्या खोली देत नव्हत्या. जनाने आपल्या चाळीतली खोली उघडून दिली. तो बिचारा प्रत्येकाला सांगायचा, मी घानाचा. गावाने नायजेरियनच म्हटलं. नावाचं मात्र मन्या करून टाकलं. जनाच्या आईने त्याला नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "हा तर आपल्या काल्यासारखाच हाय." भाकरी वाढली. तो तिला आई म्हणायला लागला.

पहिले सामने काय रंगले म्हणून सांगू. मन्याच्या पायात जादू होती. बबनला तर पर्वणीच. "आला कोलशाचा इंजिन," "अंधारात दात दिसले रे दिसले." आपलेच लोक, प्रेमाने हसायचे. मग दुसऱ्या गावांच्या बाजूने आवाज यायला लागले. हू हू हू. माकडाचे. मन्याकडे चेंडू आला की हू हू, गेला की बंद. एका सामन्याला केळ्याची सालं आली. आपले लोक तेव्हा चिडले, आमच्या माणसाला बोलतात म्हणून. मला वाटलं, चला, आपला गाव निदान बरा.

मग एक दिवस मन्याची पेनल्टी हुकली. चेंडू दांडीवरून गेला. आणि आमच्या मंडपातून, आमच्याच पोरांच्या तोंडून, पहिल्यांदा तो आवाज आला. हू हू हू. एकाने सुरू केला, मग रांगच्या रांग. नानाशेठच्या खुर्चीमागचे तर उभे राहून, काखा खाजवत. मन्या मान खाली घालून मागे पळत आला. जना मात्र जागेवरच उभा. आपल्या मंडपाकडे बघत राहिला, एकेक तोंड ओळखत. त्यातली अर्धी तोंडं त्याच्या हळदीला होती.

बाकाजवळ पाणी प्यायला आला तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे दादूस. मला वाटलं तो चालतंय म्हणेल. तो म्हणाला, "नाय चालत." इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला भीती वाटली.

मोबाईलवर परदेशातले सामने तो बघायचाच. तिकडचे खेळाडू सामना सुरू होण्याआधी एक गुडघा टेकतात, काळ्या माणसाला हीन लेखण्याविरुद्ध, हे त्याने मन्याकडून समजून घेतलं. दोघं ओट्यावर बसलेले, मी म्हातारीचं ब्लडप्रेशर बघायला गेलेली. मन्या त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "दादा, उधर भी पब्लिक चिल्लाता है. देखो." आणि त्याने तसलाच एक व्हिडिओ दाखवला. खेळाडू गुडघ्यावर, आणि सगळं स्टेडियम शिट्ट्या मारतंय, हुर्यो करतंय. "इधर मत करो. मैं सिर्फ खेलने का."

जनाने तो हुर्योचा भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा बघितला. म्हणाला, "शिट्ट्या मारतात म्हनजे कानात गेलंय त्यांच्या."

"काय गेलंय?" मी विचारलं.

"काय ते. हेच." त्याला सांगता येईना. त्याने ओल्या चेंडूवर हात फिरवला.

उपांत्य सामना कोपरीकडच्या संघाशी होता. ठाण्याहून ते ट्रक भरून ढोलताशे घेऊन आले होते. संघ मैदानात उतरले, नाणेफेक झाली. आणि रेफरीची शिटी वाजायच्या आधी जनाने उजवा गुडघा मातीत टेकला. एकट्याने. मन्या त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा, त्याला काय करावं कळेना. शेवटी तोही टेकला. बाकीचे आमचे खेळाडू एकमेकांची तोंडं बघत राहिले.

इथे घोटाळा झाला. घोटाळा कसला, दुसरं काही होणारच नव्हतं. मराठीत गुडघे टेकले म्हणजे काय, हे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक आहे. हरला. शरण गेला. बबनला तर जिभेवर आलेलं गिळताच येत नाही. लाऊडस्पीकरवरून त्याचा आवाज फुटला, "आनि हे काय, मंडली, सामना सुरू व्हायच्या आधीच आमच्या कप्तानाने कोपरीपुढे गुडघे टेकले."

कोपरीवाल्यांना आणखी काय हवं? ढोलावर तेच सुरू झालं. टेकले, टेकले, गुडघे टेकले. आमचा मंडप गार पडला. मी नानाशेठांकडे बघितलं. ते हसत नव्हते आणि चिडलेलेही नव्हते. चष्मा काढून पुसत होते.

सामना आम्ही जिंकला. मन्याने गोल केला, जनाने त्यांचा एकही माणूस पुढे जाऊ दिला नाही. पण गुलाल उधळायला कुणी आत आलं नाही. आम्ही घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. जना गुडघ्यावर, मागे ढोल, खाली लिहिलेलं, 'गावाने टेकले गुडघे'. जिंकलो हे त्यात कुठे नव्हतंच. माझ्या नणंदेने मला अंबरनाथहून फोन करून विचारलं, काय गं, तुमचा गाव हरला का?

दोन-तीन दिवसांनी नानाशेठ स्वतः जनाच्या ओट्यावर आले. मी आत म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधत होते. मला वाटतं मी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मी ऐकावं असंही त्यांना वाटत असावं. चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश.

"जना," ते म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी गुडघा टेकला तो फक्त गावदेवीपुढं."

"मी पन रोज टेकतो, शेठ. तवा मना कोन हरला म्हनत नाय."

"देवी येगली. तू परक्या गावासमोर टेकला."

"परक्यांसमोर नाय टेकला. आपल्यासमोर टेकला. आपल्या मंडपाकडं तोंड होतं माझं."

नानाशेठांनी बशी ओट्यावर ठेवली. मी पट्ट्यात हवा भरायची विसरले.

"मग तुमी सांगा ना लोकांना," जना म्हणाला, "कशापायी टेकला ते. तुमचं ऐकतील."

"पोरं तापलीत रे. मी तरी किती आवरू?" त्यांचा आवाज मऊ होता, आजारी माणसाला विचारावं तसा. "फायनलला नको करू. खेलाडूचं सगलं पायात असतं, जना. आईला सांभाल."

जाताना त्यांनी म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, देवमाणूस हाय. मी ब्लडप्रेशर परत मोजलं. वाढलेलं होतं.

त्यानंतर जनाने एक नवीन खूळ काढलं. काल्या म्हटलं की ओ द्यायचा नाही. नाक्यावर चहावाला म्हणाला, "काल्या, कटिंग?" जना रस्त्याकडे बघत उभा. पुन्हा, "ए काल्या." काही नाही. मग जनाच म्हणाला, "जनार्दन." आधी लोकांना गंमत वाटली. मुद्दाम हाका मारायचे, काल्या, काल्या, बघू किती वेळ धरतो. मग गंमत गेली आणि राग आला. बबन मला म्हणाला, "आपन प्रेमाने बोलतो ना सुलूताई? इतकी वर्सं चालत होतं, आता काय गोरा झाला काय हा?" मी म्हटलं, तुला टकल्या म्हणू का प्रेमाने, माईकवरून? तर तो खरंच दुखावला. त्याचा चेहरा बघून मला कळलं की हे प्रकरण आता सरळ संपत नाही. ज्यांना आपण वाईट केलं असं वाटतच नाही, त्यांच्या दुखावण्याला औषध नसतं.

जनाला मी विचारलं, अरे, आईपण काल्याच म्हणते की. तो म्हणाला, "आई म्हनेल. तिनं मना जगवायला ठेवलंय ते. बाकीच्यांनी कशाला ठेवलंय?"

मग एकेक गोष्टी व्हायला लागल्या. मोठं काहीच नाही. तो नाक्यावर गेला की बोलणं थांबायचं. चाळीच्या नळाला पाणी येईना, शेजारच्या चाळीला येई. सरावाला चार माणसं कमी, मग सहा. संध्याकाळी मुलांना कुणी जनाच्या ओट्याकडे फिरकू देईना. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. आमच्या गावात एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी मैदान झाडणारी बाई धावत आली. आमच्या बाजूच्या गोलपोस्टला काळी बाहुली बांधलेली. तसल्या बाहुल्या आपल्याकडे काय कमी आहेत? नव्या इमारतीला असते, रिक्षाला असते, नजर लागू नये म्हणून. पण ही हातभर लांब होती, उलटी टांगलेली, आणि तिला आमच्या संघाच्या निळ्या जर्सीचं कापड शिवलेलं होतं. उजवा पाय गुडघ्यात दुमडून दोऱ्याने करकचून बांधलेला.

मी नाक्यावर जाऊन विचारलं, कुणी केलं? "अगं, गोलला नजर लागू नये म्हनून," सगळे म्हणाले. शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून. "चांगल्यासाठीच हाय."

मन्याने ती बघितली. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दुपारी नवी मुंबईचे त्याचे मित्र गाडी घेऊन आले. तो म्हातारीच्या पाया पडला, जनाला मिठी मारली आणि म्हणाला, "दादा, मत करो. प्लीज." गाडी गेली. तासाभरात गावात हवा बदलली. चहावाल्याने जनाला आपणहून चहा पाठवला. नानाशेठांचा निरोप आला, झालं ते झालं, खेळ खेळा. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्याच्यासाठी टेकायचा तोच गेला, म्हणजे प्रश्न मिटला.

बाकावर बर्फ फोडत होते, जना बुटाचे बंद बांधत होता. मी म्हटलं, "आता नाही ना टेकायचास? तो तर गेला."

"गेला म्हनूनच," जना म्हणाला.

मी त्याचा दंड धरला. वजरीचे जुने ओरखडे कधीच बुजले होते, पण मला ते बोटांखाली लागल्यासारखे वाटले. त्याने माझा हात हळूच सोडवला.

आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. मंडपात मुंगी शिरायला जागा नाही. दोन्ही संघ देवळापाशी जाऊन देवीपुढे टेकले, जनाही टेकला, टाळ्या पडल्या. मग सगळे आपापल्या जागी गेले. स्टॉपरची जागा गोलसमोर. बाहुलीच्या पुढे. डोंबिवलीचे एक पी.टी.चे मास्तर रेफरी होते, त्यांनी शिटी तोंडाला लावली. आणि जनाने मंडपाकडे तोंड करून गुडघा टेकला.

आधी थोडे हसले. मग काल्या, काल्या सुरू झालं. तो हलला नाही. परदेशातले खेळाडू टेकतात आणि लगेच उठतात, मी व्हिडिओत पाहिलंय. हा उठेचना. रेफरीने शिटी तोंडात धरून ठेवली आणि वाजवलीच नाही. बबनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण लाऊडस्पीकरमध्ये श्वास ऐकू आला, मग नुसती घरघर. हळूहळू ओरडणारेही थांबले. ते थांबले तेव्हा मी बाकावरून उठले. ओरडत होते तोवर ठीक होतं. नानाशेठांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मंडपातून माणसं उतरायला लागली. धावत नाही, चालत. आपलीच. ज्यांना मी इंजेक्शनं दिलीत, ज्यांच्या बायकांची बाळंतपणं मी बघितलीत ती. मी बर्फाची पेटी उचलून पळाले, तर कुणीतरी मागून माझे दोन्ही खांदे धरले. "सिस्टर, तू नको जाऊ," तो आवाज म्हणाला. फार आपुलकीने. माणसांच्या पायांतून मला जनाचा गुडघा दिसत होता, मातीत रुतलेला. मग पाय दाटले आणि दिसायचा बंद झाला.

नंतर सगळे म्हणाले, गर्दी आत आली, चेंगराचेंगरीत पडला. पोलिसांनी तेच लिहिलं. तिथे सगळे होते, आणि विचारलं तर कुणीच नव्हतं. मी सांगायला गेले तर म्हणाले, ताई, तुम्ही मारणारा बघितला का? नाही बघितला. पण मी नर्स आहे. पडून फुटलेली गुडघ्याची वाटी आणि झेंड्याच्या बांबूने फोडलेली वाटी यांतला फरक मला कळतो.

रिक्षात त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. शुद्ध येत-जात होती. एकदा डोळे उघडून म्हणाला, "सुलू, मी उठलो नवतो ना?"

"नाही," मी म्हटलं. "तू नव्हता उठलास."

"मग चालतंय," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

प्लास्टर निघायच्या आतच त्याने गाव सोडायचं ठरवलं. की गावाने ठरवलं, एकच ते. टेम्पो आला तेव्हा गल्लीतली दारं उघडी होती आणि दारांत माणसंही होती. कुणी सामानाला हात लावला नाही, कुणी घरातही गेलं नाही. जनाला मागे गादीवर बसवलेलं, पाय पुढे सरळ, शेजारी भांड्यांच्या पिंपावर धुतलेला चेंडू. म्हातारी पुढे ड्रायव्हरजवळ. बायको आधीच माहेरी गेलेली. टेम्पो नाक्यावर वळायला हळू झाला, तेव्हा बबन पुढे आला. त्याचे डोळे भरलेले होते, शपथेवर सांगते. टेम्पोच्या फळीला हात लावून म्हणाला, "काल्या, सांभालून जा रे. येत जा."

जनाने मान वळवली नाही.

म्हातारीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिने आयुष्यात त्या पोराला दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. बबनकडे बघत ती म्हणाली, "जनार्दन नाव हाय त्याचं."

मग ड्रायव्हरने गिअर टाकला आणि टेम्पो मैदानाच्या कडेने निघून गेला.